बेकारभत्ता : दान की हक्क?



काही दिवसांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आमच्याकडे आले. चौदा वर्षे एकाच कारखान्यात काम केलेले. मंदीचे कारण सांगून मालकाने एकाच दिवशी अनेकांना घरी पाठवले. मात्र प्रत्येकाकडून राजीनामा लिहून घेतला. "सही करा, तरच हिशेब मिळेल," असे बजावले. त्या दिवसापासून ह्या गृहस्थांनी रविवारी मिस्सेला येणेही टाळले. "फादर, लोक विचारतात, सुट्टीवर आहेस का? काय सांगू?" ई.एस.आय.मधून बेकारभत्त्याची चौकशी करा, असे आम्ही म्हणताच ते म्हणाले, "नको फादर. फुकटचे खाणे पटत नाही."

पण हे फुकटचे आहे का? ई.एस.आय. योजनेत कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात व मालक 3.25 टक्के भरतो. कारखाना बंद पडून किंवा कामगारकपात होऊन बेकार झालेल्यांसाठी 2005 साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली. 2018 साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात सरासरी वेतनाच्या 25 टक्के मिळत. 2020 च्या करोनाकाळात ते 50 टक्के झाले, तेही जास्तीत जास्त 90 दिवस. म्हणजे पाऊस पडेल म्हणून सर्वांनी मिळून साठवलेले हे धान्य आहे. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी 1981 च्या 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' ह्या विश्वपत्रात शिकवले, की बेकारांना निर्वाहापुरती मदत देणे हे कर्तव्यच आहे, कारण सृष्टीतील संपत्ती सर्वांसाठी आहे. कर्तव्य एकाचे, तेव्हा हक्क दुसऱ्याचा. हक्क मागताना मान खाली घालायची नसते.

मग पात्रतेच्या अटी कशाला? सर्वांच्या पैशाला राखण लागते म्हणून. गैरवर्तनासाठी काढलेला किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेला अटल योजनेत बसत नाही. ही अट न्याय्य आहे. परंतु 'स्वेच्छा' कशाला म्हणायचे? अॅरिस्टॉटलने वादळात सापडलेल्या जहाजाचे उदाहरण दिले आहे. जीव वाचवण्यासाठी खलाशी माल समुद्रात फेकतात. खुशीने तसे कोणीही करणार नाही. हिशेबाच्या धाकाने केलेली सही तशीच. कपातीला राजीनाम्याचे रूप देणारा मालक आठवी आज्ञा मोडतो, आणि कामगाराचा हक्क बुडतो म्हणून सातवीही. ह्या धर्मग्रामात गाळे व कारखाने चालवणारेही आहेत. त्यांनी ह्याचा विचार करावा.

सत्याचे हे बंधन कामगारावरही आहे. दुसरीकडे काम लागल्यावरही बेकार म्हणून भत्ता घेत राहणे म्हणजे पुढच्या बेकाराच्या ताटातले उचलणे.

आणि ज्यांचे नाव कोणत्याच रजिस्टरात नाही त्यांचे काय? घरकाम करणाऱ्या भगिनी, नाक्यावर उभे राहणारे मजूर, ठेकेदाराकडे रोजावर जाणारे आपले तरुण? त्यांना पात्र ठरवणारा कागदच नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातील (20:1-16) द्राक्षमळ्याचा धनी संध्याकाळी बाजारात उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का राहिलात? कोणी कामाला लावलेच नाही, असे ते सांगतात. तो त्यांचे तास मोजत नाही. पूर्ण दिवसाची मजुरी देतो, कारण त्यांच्या घरीही चूल पेटायची असते. कायद्याला तास मोजावेच लागतात. जिथे त्याचे मोजमाप संपते, तिथून आपले काम सुरू होते.

ते गृहस्थ आता ई.एस.आय. कार्यालयात जायला तयार झाले आहेत. फॉर्म भरण्याची माहिती असलेल्या कोणी तरी त्यांच्यासोबत जावे, अशी आमची विनंती आहे. मिस्सेनंतर आम्हाला भेटावे. इतरांनी एवढे करावे : कामाच्या दिवशी शेजारी घरी दिसला तर "सुट्टी आहे का?" असे रस्त्यात विचारू नये. त्याच्या घरी जाऊन बसावे.

आपला,
धर्मगुरू