तोच दिवस पुन्हा येतो का?

एखादा दिवस दरवर्षी पुन्हा येतो म्हणजे नेमके काय परतते, हा प्रश्न महाड तालुक्यात ठळकपणे दिसतो. रायगडावर शिवराज्याभिषेक दिन दोनदा साजरा होतो: 6 जूनला आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. 1927 च्या चवदार तळे सत्याग्रहाचे स्मरण मात्र 20 मार्च या तारखेलाच होते.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यालाही हा प्रश्न लवकरच गाठतो. संगणकाच्या लेखी दिवस म्हणजे ठरावीक आरंभापासून मोजलेला क्रमांक; दिनांक आणि महिना जुळले की वर्धापनदिन ठरतो. तिथी अशी सापडत नाही. चंद्र सूर्यापेक्षा आणखी 12 अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. दोघांची गती एकसारखी नसते, म्हणून तिचा काळ कमीजास्त होतो.

तारीखही निरपेक्ष नसते. राज्याभिषेकाची 6 जून 1674 ही जुन्या ज्युलियन गणनेतील तारीख. तो शनिवार होता. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेला हीच तारीख दिली तर उत्तर येते बुधवार, कारण त्यातील नेहमीची तारीख-सुविधा आजची ग्रेगोरियन गणना भूतकाळालाही लावते. त्याच दिवसाची ग्रेगोरियन तारीख, 16 जून, दिल्यावर शनिवार मिळतो. दिवसाची सीमाही अशीच मानलेली असते: औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळीत मध्यरात्री तारीख बदलते, पंचांगाचा वार मात्र सूर्योदयापर्यंत तोच राहतो.

घडलेला क्षण एकदाच घडतो. परतते ती सूर्य-चंद्राची सापेक्ष स्थिती किंवा मोजणीतली खूण. कोणती धरायची हे समाज ठरवतो, म्हणून रायगडावरचे दोन्ही सोहळे सारखेच खरे ठरतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आपण कोणती गणना धरली, हे स्पष्ट नोंदवणे हाच यातला प्रामाणिकपणा.