याऊसचे मौन आणि वाचकाचे क्षितिज

२३ जुलै १९३९ ही तारीख आणि वर्धा हा पत्ता असलेले गांधींचे एक पत्र हिटलरला उद्देशून आहे. युद्ध टाळण्याची विनंती करणारे ते पत्र मुक्कामी पोचलेच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात, युद्ध सुरू झाल्यावर, हान्स रॉबर्ट याऊस हा सतरा वर्षांचा जर्मन तरुण वाफेन-एसएसमध्ये स्वेच्छेने दाखल झाला. पुढे हाच याऊस फ्रेंच साहित्याचा मान्यवर अभ्यासक झाला. साहित्यकृतीचा अर्थ वाचकाच्या ग्रहणातून इतिहासक्रमाने उलगडत जातो, असे त्याने मांडले. स्वतःचे पूर्वायुष्य मात्र त्याने वाचकांच्या हाती लागू दिले नाही.

युद्धाच्या अखेरीस तो कॅप्टनच्या तोडीच्या हुद्द्यावर होता. १९४८ च्या आरंभी ब्रिटिशांच्या स्थानबद्धतेतून सुटल्यावर हायडेलबर्ग येथे त्याने प्रूस्तच्या कादंबरीतील काळ आणि स्मरण यांवर प्रबंध लिहिला. (विषयाची ही निवड आज अस्वस्थ करते.) १९६६ मध्ये तो नव्या कॉन्स्टान्झ विद्यापीठात आला. १९६७ च्या तेथील व्याख्यानाने साहित्येतिहासाचा विचारच पालटला. त्याची ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पना मराठीच्या अभ्यासकांनाही अपरिचित नाही.

१९९७ मध्ये तो वारला. त्याआधीच्या वर्षी ‘ल मोंद’मधील मुलाखतीत तो या भूतकाळाविषयी बोलला होता, परंतु विद्यापीठाने इतिहासकार येन्स वेस्टेमायर यांच्याकडून करवून घेतलेल्या २०१५ च्या अहवालाने त्याचे आत्मकथन विश्वासार्ह ठरवले नाही. त्याच्या तुकडीने नागरिकांवर केलेले अत्याचार अहवालात नोंदले गेले. त्याचा व्यक्तिशः सहभाग सिद्ध झाला नाही.

मग सिद्धान्ताचे काय करायचे? पॉल द मानच्या युद्धकालीन लेखनावरून १९८७ नंतर उठलेल्या वादात दोन सोपी उत्तरे पुढे आली होती: लेखक वेगळा, विचार वेगळा, किंवा सारा विचार म्हणजे मुखवटाच. याऊसच्या बाबतीत दोन्ही अपुरी आहेत. मुखवटा म्हटले की संकल्पनेची तपासणी करण्याचे श्रमच टळतात. आणि कृती ही एखाद्या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणून समजून घ्यावी, असा आग्रह ज्याने धरला, त्याला स्वतःला विचारला जाणारा प्रश्न दडवून ठेवण्याची सवलत त्याचा सिद्धान्तच देत नाही. वाचकाचे क्षितिज अपुऱ्या माहितीवर बेतले गेले, तर त्या वाचनातील संवाद एकतर्फी होतो. येथे दोष वाचकाचा नाही.

याहून अवघड प्रश्न ‘अपेक्षाक्षितिज’ कोणाचे, हा आहे. फ्रेंच साहित्याचाच दुसरा जर्मन अभ्यासक व्हिक्टर क्लेम्पेरर याला ज्यू असल्यामुळे १९३५ मध्ये ड्रेस्डेनचे अध्यापकपद गमवावे लागले; पुढे ग्रंथालयेही त्याला बंद झाली. वाचकवर्गातून ज्याला हाकलून दिले, त्याची अपेक्षा कोणत्या क्षितिजात मोजायची? १९६७ चे व्याख्यान वाचणाऱ्यांचा अनुभव गृहीत धरते. ज्यांना वाचू दिले गेले नाही ते त्यात येत नाहीत. अक्षरापासून पिढ्यानपिढ्या दूर ठेवलेल्यांचा प्रश्न दलित साहित्याने मराठीत उभा केला असल्याने येथील अभ्यासकाला ही उणीव चटकन दिसायला हवी. ती दाखवण्यासाठी याऊसचे चरित्र ठाऊक असण्याची गरज नाही. पण ते कळल्यावर ही उणीव केवळ तार्किक राहत नाही.