विद्यापीठाचे नियोजन आणि आपली श्रद्धा



बारावीचा निकाल लागला की मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एकच विषय असतो. कोणाचा मुलगा लातूरला क्लासला, कोणाच्या मुलीला नांदेडला प्रवेश मिळेल का, फी किती, राहायचे कुठे. अशाच एका रविवारी एका गृहस्थांनी मला गाठले. "मास्तर, आपल्या शाळा आहेत, दवाखाने आहेत. मग मराठवाड्यात आपले एखादे विद्यापीठ का नाही?" शेजारी उभे असलेले काका म्हणाले, "देवाच्या मनात येईल तेव्हा होईल." त्यावर तिसऱ्याने विचारले, "आणि पैसा कोण देणार?" माझ्या एस.टी.ची वेळ झाली होती, म्हणून मी हसून निघालो. पण ती तिन्ही वाक्ये माझ्याबरोबर गाडीत बसली.

काकांचे बोलणे श्रद्धेचे वाटते खरे. पण कधी कधी तेच वाक्य आपल्या आळसावर पांघरूण घालते. संत लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशू स्वतः सुचवतो. म्हणजे नियोजन करणे हा अविश्वास नव्हे. मात्र त्याच शुभवर्तमानात, दोनच अध्याय आधी, आणखी एक नियोजन करणारा भेटतो: कोठारे पाडून मोठी कोठारे बांधू पाहणारा श्रीमंत. त्याचा हिशेब चोख होता. देवाने त्याला मूर्ख म्हटले, कारण त्याच्या सगळ्या बेतात त्याच्याशिवाय दुसरा कोणी माणूसच नव्हता. मला वाटते, कोणत्याही आराखड्याला हाच प्रश्न विचारावा: यात कोणाकोणाची नावे आहेत?

विद्यापीठाच्या बाबतीत संत जॉन हेन्री न्यूमन यांची हकिकत जरूर लक्षात घ्यावी. आयर्लंडच्या महागुरूंनी बोलावल्यावरून त्यांनी डब्लिनला १८५४ मध्ये कॅथोलिक विद्यापीठ सुरू केले. विद्यार्थी लहान लहान घरांत एकत्र राहत, आणि त्यातले एक घर न्यूमन स्वतः सांभाळत. पण सरकारने पदव्या देण्याची सनद दिली नाही, महागुरूंशी मतभेद झाले, विद्यार्थी बेताचेच आले. १८५८ मध्ये न्यूमन यांनी राजीनामा दिला. त्या काळच्या कोणत्याही हिशेबाने हा तोट्याचा व्यवहार होता. फक्त वैद्यकीय शाळा चांगली चालली. त्याच न्यूमन यांना १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले आणि संत थॉमस अक्वायनस यांच्या जोडीने शिक्षणकार्याचे आश्रयदाते नेमले. चार वर्षांत जे 'फसले', त्याचे मोल कळायला दीडशेहून अधिक वर्षे गेली. म्हणून तिसऱ्या गृहस्थांचा पैशाचा प्रश्न योग्य असला, तरी तो शेवटचा प्रश्न होऊ शकत नाही.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये भारतासाठी धर्मगुरू तयार करण्याकरिता सेमिनरी स्थापली, पण ती भारतात नव्हे, श्रीलंकेतील कँडी येथे. पुढे देश स्वतंत्र झाला, सरहद्दी बदलल्या, आणि १९५५ मध्ये सेमिनरी पुण्याला आली. आज तिथे ज्ञानदीप ही संस्था आहे. कँडीची जागा निवडणाऱ्यांना १९४७ दिसणे शक्यच नव्हते. त्यांनी डोंगरावर बांधलेली इमारत मागे राहिली. भारताला भारतीय धर्मगुरू मिळावेत हा हेतू तेवढा सामानाबरोबर पुण्याला आला. पुण्यातच आपल्या ॲडव्हेन्टिस्ट बंधूंचे स्पायसर आहे. १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झालेली ही संस्था १९४२ मध्ये पुण्यात आली, आणि २०१४ च्या राज्य कायद्याने विद्यापीठ झाली. शाळा ते विद्यापीठ ही वाट चालायला जवळजवळ शंभर वर्षे. मंडळी वेगळी असली तरी त्यांच्या धीराचे कौतुक करायला आपली हरकत नसावी.

आता आपल्या भागाकडे येऊ. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढले, तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नावापुरतीच होती. विद्यापीठ तिथे १९५८ मध्ये आले, आणि नांदेडला १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झाले. बाबासाहेबांच्या आराखड्यात कोणाची नावे होती हे वेगळे सांगायला नको. ज्यांच्या घरात आधी कोणी पाटी धरली नव्हती, त्यांची.

इथेच माझे मन अडते. खाजगी विद्यापीठ काढले तर सरकारी अनुदान नाही. सारा डोलारा फीवर उभा राहणार. आपल्यापैकी बहुतेक घरे कोणत्या समाजातून आली हे आपण जाणतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, त्यामुळे त्या शिष्यवृत्तीचेही दार बंद. म्हणजे नांदेड-लातूरच्या रस्त्यावर 'ख्रिस्ती विद्यापीठ' अशी झळाळती पाटी लागेल, आणि आपलीच मुले फाटकाबाहेर उभी राहतील. आणि जागा फक्त आपल्या मुलांसाठी राखल्या, तर ऊसतोड कामगाराच्या मुलीला आपण काय सांगणार? तिचा बाप्तिस्मा झालेला नाही, एवढेच? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथोलिक विद्यापीठांसाठी जे संविधान दिले, त्यात गरिबांना आणि वंचित अल्पसंख्याकांना उच्च शिक्षण कसे मिळेल याचे मार्ग विद्यापीठाने शोधावेत, असे सुचवले आहे. तो परिच्छेद मी वाचतो तेव्हा आधी फाटकच डोळ्यांसमोर येते.

किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तेव्हा जाड दगडी भिंतींची घरे आधी कोसळली. दगड भक्कम होते, पण त्यांना धरून ठेवायला मधे फक्त माती होती. मोठ्या संस्थांविषयी विचार करताना मला ती घरे आठवतात.

माझे मत विचाराल तर विद्यापीठाची घाई नको. नांदेडला विष्णुपुरीच्या जवळपास मुलींसाठी एक वसतिगृह आधी व्हावे. कोणत्याही धर्माची, गरिबाघरची मुलगी तिथे राहावी, रात्री तिला अभ्यासाला दिवा आणि शंका विचारायला कोणी वडीलधारे माणूस मिळावे. त्यातून पुढे काय उभे राहील, कॉलेज की विद्यापीठ की काहीच नाही, हे आपल्या हयातीत कळेलच असे नाही.

पुढच्या रविवारी ते गृहस्थ पुन्हा भेटले, तेव्हा मी त्यांना हेच सांगितले. ते थोडे हिरमुसले. मग म्हणाले, "बरं मास्तर, दहा मुली धरा. महिन्याला किराणा किती लागेल?" काकाही सरकून जवळ आले. माझ्याकडे कागद नव्हता, म्हणून बुलेटिनच्याच मागच्या कोऱ्या पानावर आम्ही लिहायला घेतले: ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, गॅस, आणि स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचा पगार.