बांधावरची वाट

पहाटे जळकोटच्या शिवारात निघालं की सोलापूर-हैदराबाद हायवेचा आवाज पार तुरीच्या रानापर्यंत सोबत येतो. पुढे मात्र बांधच. काल एका बांधावर ताजी बोराटी आडवी टाकलेली होती, पानं अजून हिरवी. मागून खुरपायला निघालेल्या चौघी आल्या. पहिलीनं चपलेनं फांदी सारली, बाकीच्या तिच्या मागून एकेक करून गेल्या. कुणी शिवीसुद्धा दिली नाही.

दोघं शेजारी बोलत चालायची एवढा हा बांध रुंद होता. दर नांगरटीला ट्रॅक्टर दोन्ही अंगांनी वीतभर कोरतो. आता पायापुढे पाय ठेवावा लागतो.

गावनकाशात पायवाट म्हणजे एकच तुटक रेघ, रुंदी सव्वाआठ फूट. नकाशात वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३ आहे. तहसीलदार बांधावरून वाट देतो. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायचं. हे सगळं ठीक. खटकतं ते एवढंच, की १४३ खाली वाट मागायला आधी नावावर जमीन लागते. त्या चौघींच्या नावावर काय असणार? मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगराच्या?

स्वीडनमध्ये कुणीही कुणाच्याही रानातून चालू शकतो; उभं पीक आणि घराचं अंगण तेवढं टाळायचं. स्कॉटलंडनं २००३ मध्ये असाच कायदा केला. दोन एकरवाल्या आमच्या शेतकऱ्याला तो जसाच्या तसा परवडायचा नाही, हे मलाही कळतं. त्याच्या बोराटीमागे एखाद्या वर्षी तुडवलेली तूर असते. पण नवरात्रात, कोजागिरीला तुळजापूरकडे पायी निघालेल्यांना हाच माणूस सातबारा विचारत नाही. घरातला हंडा रस्त्याकडेला आणून ठेवतो.

आज बोराटी पुन्हा जागेवर होती, या वेळी दोन. डावीकडे, तुरीची कडेची ओळ नीट चुकवून, ओल्या काळ्या मातीत चार जोड पावलं उमटली होती.