आधी दिवस मोजायला शिक

खजुराचा डबा ठेव तिकडे. खायला वेळ आहे. दुबईचा रेसिडेन्स व्हिसा हातात पडला की एनआरआय झालो आणि इन्कम टॅक्स सुटला, हे तुला सांगितलं कोणी? एजंटाने? अरे, कात्रजमध्ये लहानाचा मोठा झालास आणि तुलाच कात्रजचा घाट दाखवला की रे त्याने!

व्हिसा तिकडचं सरकार देतं. तू इथला निवासी की अनिवासी, हे इथला आयकर कायदा ठरवतो आणि तो व्हिसा बघत नाही, दिवस बघतो. दहावीला गणित माझ्याकडेच होतं ना? मग मोज. बोटांवर मोजलंस तरी चालेल. गेलास कधी? १२ ऑक्टोबर २०२५. एप्रिल तीस, मे एकतीस, जून तीस, जुलै-ऑगस्ट बासष्ट, सप्टेंबर तीस, वर हे बारा. किती? १९५. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याचे आर्थिक वर्षात १८२ दिवस भरले की तो त्या वर्षापुरता निवासीच. २८ सप्टेंबरला विमानात बसला असतास तर १८१ वर सुटला असतास. कंपनी तर सप्टेंबरातच ये म्हणत होती. पण नाही! साहेबांना दसरा करायचा होता, सुखसागरनगरच्या टोळक्याला पार्टी द्यायची होती. झाली ना पार्टी? आता ऑक्टोबर ते मार्चचा दुबईचा पगार इथल्या रिटर्नमध्ये दाखव आणि कर भर.

'तिकडे करच नाही' हे मला ऐकवू नकोस. म्हणूनच तर इथल्या करातून वळता करून घ्यायला तिकडे भरलेला करही तुझ्याकडे नाही. भारत-अमिराती कराराच्या आडोशालाही जाता येणार नाही. तिथला निवासी ठरायला एका कॅलेंडर वर्षात १८३ दिवस तिथे काढावे लागतात. तुझे डिसेंबरअखेर भरले ८१.

तिथलं बँक खातंही रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं. तोंड काय बघतोस? २०१५ चा काळ्या पैशाचा कायदा वाचलाय का कधी? न दाखवल्याचा दंड १० लाख. लहान रकमांना दंडातून सूट मिळाली आहे, दाखवण्यातून नाही.

बरं, हे झालं गेल्या वर्षाचं. यंदा तू खरोखर अनिवासी ठरशील, तर त्याची तयारी काय? शून्य! सातारा रोडवरच्या बँकेतलं बचत खातं अजून जसंच्या तसं. नोकरीला परदेशी गेलास की ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं. हा फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, नियम आहे, बँकेची मेहेरबानी नव्हे. आणि फेमाचं गणित आयकरापेक्षा वेगळं, म्हणून तर एकाच वर्षी तू बँकेला अनिवासी आणि आयकराला निवासी. डोकं खाजवू नकोस, लिहून घे. तिकडचा पगार अनिवासींच्या एनआरई खात्यात टाक, त्याच्या व्याजावर इथे कर नाही. इथल्या फ्लॅटचं भाडं एनआरओत, त्यावर आहे. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू दे, पुढे वाढवून मिळणार नाही. आणि मुळशीला शेतजमीन घ्यायचं जे डोक्यात घेतलंयस ते काढून टाक. अनिवासी असताना ती विकत घेता येत नाही. वारसाने आली तर गोष्ट वेगळी.

त्यात 'सर, व्हिसा तिकडचा ठेवतो आणि इथूनच काम करतो' म्हणतोस! सलग सहा महिने अमिरातीबाहेर राहिलास तर तुझा हा साधा व्हिसा जातो. आणि इथे बसून काम केलंस तर तो पगार इथेच कमावलेला. दोन्हीकडून जाशील.

आता फ्लॅटचं. भाडं आई रोख घेते. ती बिचारी काय करणार, तू सांगितलंस तेच करते. घरमालक अनिवासी झाला की भाडेकरूने टीडीएस कापून भरायचा असतो, भाडं कितीही लहान असो. न कापल्याचं लचांड त्या भाडेकरूच्या गळ्यात. पोटाला चिमटा काढून पहिल्या तारखेला पैसे देणारा माणूस आहे तो. आज संध्याकाळी जाऊन त्याला हे तू स्वतः सांगायचंस, आईला पुढे करायचं नाही. उद्या सकाळी पासपोर्ट घेऊन सीएकडे जा. आणि त्याच्यासमोर एजंटाचं नाव काढू नकोस.