दळणाऱ्याचे पीठ

'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण मराठीत बहुधा ढिसाळ कारभाराला उद्देशून वापरली जाते. कचेरीतला गोंधळ, संस्थेतली उधळपट्टी, खजिन्याला लागलेली गळती, असे सारे काही तिच्या कक्षेत येते. येत नाही ते फक्त म्हणीतले आंधळे माणूस. शब्दशः पाहिले तर म्हणीतले चित्र वेगळेच काही सांगते. जात्यापाशी बसलेली व्यक्ती दळते आहे आणि नीट दळते आहे. एरवी कुत्र्याच्या वाट्याला पीठ आलेच नसते. दळणाला डोळे लागत नाहीत. घरोघरच्या डोळस बायकाही पहाटेच्या अंधारातच जात्यावर बसत. दाण्यांची मूठ वैरली की ती जात्याच्या तोंडात नीट पडली की नाही हे हाताला कळे, आणि पीठ जाड पडते की बारीक हे बोटांना. उणीव आहे ती जात्याभोवतीच्या व्यवस्थेत. पीठ झाकायला भांडे नाही, दाराला कडी नाही आणि घरातल्या डोळस माणसांपैकी कुणाचेही तिकडे लक्ष नाही. तरीही म्हण हसते ती दळणाऱ्याला.

अंधांच्या व्यवसायशिक्षणाचा नैतिक प्रश्न या म्हणीत जवळजवळ पुरा सामावला आहे. अंध माणसाला काम येते का, हा प्रश्न वारंवार विचारला गेला आणि त्याचे होकारार्थी उत्तरही वारंवार मिळाले. काम येऊनही त्याचे पीठ त्याच्या पदरात का पडत नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

भारतीय परंपरेने अंधाला दोन आसने दिली: एक संताचे आणि एक भिकाऱ्याचे. विदर्भात जन्मलेले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) बालवयातच दृष्टी गमावून बसले. इतरांकडून ग्रंथ वाचवून घेत त्यांनी वेदान्त आत्मसात केला आणि विपुल ग्रंथरचना केली. लोकांनी त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हटले. उत्तरेत तर 'सूरदास' हे नाव कोणत्याही अंध माणसाला हाक मारण्याचे संबोधन होऊन बसले. वाटेवर हात पसरणाऱ्यालाही तेच नाव आणि एकतारीवर गाणाऱ्यालाही तेच. या दोन आसनांच्या मधली जागा रिकामी राहिली. वेळेवर येणारा, बरे काम करणारा, पगारवाढीसाठी कुरकुरणारा, फारसा हुशार नसलेला अंध कारकून ही कल्पनाच समाजाच्या मनात उमटली नाही. अंधाने असामान्य असावे किंवा दयनीय असावे. सामान्य असण्याची परवानगी त्याला नव्हती. व्यवसायशिक्षणाचे खरे महत्त्व मिळकतीपेक्षाही येथे आहे. ते अंध माणसाला सामान्य होण्याची वाट खुली करते.

महाभारतकारांना हा पेच ठाऊक असावा. धृतराष्ट्र ज्येष्ठ असूनही केवळ अंधत्वामुळे त्याला राज्य नाकारण्यात आले आणि ते पांडूकडे गेले. पुढे पांडू वनात गेल्यावर तेच राज्य त्याच अंध भावाने सांभाळले. त्याच्या कारकिर्दीत जे काही बिघडले ते पुत्रमोहाने बिघडले; बुबुळांच्या दोषाने काही बिघडल्याची नोंद नाही. तरी 'आंधळा राजा' हा शब्दप्रयोग आजही अंधत्वालाच दोषी धरतो.

भारतात अंधांच्या संघटित शिक्षणाला मिशनऱ्यांनी आरंभ केला. १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला पहिली शाळा काढली. पुढे कलकत्त्यात आणि १९०० च्या सुमारास मुंबईतही अशा शाळा निघाल्या. अक्षरओळख, प्रार्थना, संगीत आणि हस्तव्यवसाय असा त्यांचा अभ्यासक्रम. हस्तव्यवसायांत वेताच्या खुर्च्या विणण्याला मानाचे स्थान मिळाले आणि ते अनेक दशके टिकले. हे काम हलके नाही. चौकटीच्या कडेने पाडलेल्या भोकांतून वेताची भिजवलेली पट्टी आधी उभी, मग आडवी आणि मग तिरपी ओवत न्यायची. ताण सर्वत्र सारखा हवा. एका ठिकाणी तो ढिला पडला तर सहा महिन्यांत बैठक खचते. सरावलेली बोटे ही जाळी डोळ्यांपेक्षा अचूक वाचतात. तेव्हा आक्षेप खुर्चीवर नाही. आक्षेप असलाच तर तो निवड कुणी केली यावर आहे. अंधाने काय शिकावे हे ठरवणारे बहुतेक वेळा डोळस होते, आणि त्यांनी स्वतःचे डोळे मिटून पाहिले. डोळे मिटल्यावर आपल्याला जे करता येईलसे वाटले, तेवढेच त्यांनी अंधाला दिले. दोन मिनिटे डोळे मिटलेला माणूस आणि वीस वर्षे अंध असलेला माणूस यांच्या क्षमतेत जे अंतर असते, ते त्यांच्या हिशेबात आले नाही.

दात्याच्या सोयीने विद्येची वाट कशी अडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण पॅरिसचे आहे. खोगीर आणि लगाम बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा लुई ब्रेल याने १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांच्या लिपीचा मूळ आराखडा सिद्ध केला. १८२९ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांनी ती उचलून धरली, कारण तिच्यात प्रथमच त्यांना वाचता येत होते तसे लिहिताही येत होते. तरीही १८४० नंतरच्या काही वर्षांत त्याच्याच संस्थेत तिच्यावर बंदी आली. डोळसांना ओळखता येणारी उठावाची रोमन अक्षरेच अधिकाऱ्यांना योग्य वाटत होती. फ्रान्समध्ये या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ मध्ये, म्हणजे ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. शिकवणाऱ्याला सोपे ते शिकणाऱ्याला हितकर, हा समज तेव्हाही होता आणि व्यवसायशिक्षणाच्या क्षेत्रातून तो अद्याप पुरता गेलेला नाही.

भारतात शासनाने या कामात प्रथम गांभीर्याने लक्ष घातले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४३ मध्ये डेहराडूनला युद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स वसतिगृह सुरू झाले. त्यामागची एक प्रेरणा, क्लुथा मॅकेन्झी, हे स्वतः पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या रणांगणावर दृष्टी गमावलेले न्यूझीलंडचे सैनिक होते. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये त्याच परिसरात प्रौढ अंधांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले; १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल निश्चित झाली आणि ब्रेल छापखानाही उभा राहिला. मुंबईत १९५२ मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाली.

हा क्रम विचार करायला लावणारा आहे. सैनिकाला प्रशिक्षण देताना शासनाच्या मनात दया नव्हती, देणे होते. त्याने डोळे राज्यासाठी गमावले, तेव्हा राज्य त्याचे ऋणी. जन्मांध किंवा बालपणी अंध झालेल्याला मात्र जे मिळाले ते धर्मादाय म्हणून. हा भेद वरवर न्याय्य दिसतो, पण तो टिकत नाही. देवीच्या साथीत ज्यांचे डोळे गेले त्यांना लस वेळेवर पोहोचली नव्हती. देवीचा रोग भारतातून गेला तो १९७५ मध्ये, लशीचा शोध लागून पावणेदोनशे वर्षे झाल्यानंतर. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी ज्या मुलांची बुबुळे विरघळली, त्यांना पुरेशी पालेभाजी आणि दूध मिळाले नव्हते. खुपऱ्या अस्वच्छ पाण्याच्या आणि दाटीच्या वस्तीत वाढल्या. मोतीबिंदू तर शस्त्रक्रियेने बरा होणारा. तरी त्याने अंध झालेल्यांची संख्या देशात सर्वांत मोठी. हे सारे डोळे कोणत्या युद्धात गेले, असे विचारले तर उत्तर अवघड नाही. सैनिकाच्या बाबतीत जे ऋण ठरते ते या माणसांच्या बाबतीत उपकार का ठरावे, याचे समाधानकारक कारण सांगता येत नाही.

संरक्षित कार्यशाळांविषयीचा वाद याच प्रश्नाचे दुसरे अंग आहे. अंधांसाठी खास चालवलेल्या कार्यशाळेत पायपुसणी, मेणबत्त्या, खडू, झाडू अशा वस्तू बनतात. मजुरी बहुधा नगावर मिळते. तेथे यंत्राभोवती जाळी असते, वाटा ठरलेल्या असतात, सोबती समदुःखी असतात. घरात कोपऱ्यात बसून दिवस ढकलणाऱ्या तरुणाला तेथे प्रथमच कामाची वेळ, मजुरी आणि मित्र मिळतात. या लाभाला क्षुल्लक मानणारी टीका पुस्तकी आहे. परंतु आसरा हा काही काळाने कुंपणही होतो. मेणबत्ती गरजेपोटी न घेता कणव म्हणून घेतली जाऊ लागली की बनवणाऱ्याच्या कौशल्याला किंमत उरत नाही. वेडीवाकडी मेणबत्तीही तितकीच खपते. चांगल्या कामाची आणि वाईट कामाची किंमत जेथे सारखीच, तेथे कारागीर म्हणून माणसाचा अपमानच होतो, मग तो अपमान कितीही प्रेमाने केलेला असो.

शिवाय अंधांचे म्हणून ठरवलेले व्यवसाय काळाने एकामागून एक गिळले. वेताच्या खुर्चीची जागा साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीने घेतली. कचेऱ्यांच्या टेलिफोन-फलकावर कित्येक अंध ऑपरेटरांनी सन्मानाने नोकरी केली. शेकडो क्रमांक त्यांना तोंडपाठ असत. थेट क्रमांक लावण्याची सोय आली आणि तो फलकच नाहीसा झाला. १९९० च्या दशकात अपंगांना प्राधान्याने दिलेले सार्वजनिक टेलिफोनचे खोपटे मोबाइल आल्यावर ओस पडले. एकाच व्यवसायाचे शिक्षण म्हणजे एकाच पत्त्यावर लावलेला डाव, आणि हरल्यावर दुसरा डाव मांडायला अंधाजवळ सहसा काही शिल्लक नसते. याउलट, चालण्याचे शिक्षण कालबाह्य होत नाही. रिचर्ड हूवर यांनी दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या अमेरिकन सैनिकांसाठी लांब काठीची पद्धत बसवली. प्रत्येक पावलाआधी काठीचे टोक पुढच्या पावलाच्या जागेवरून फिरवायचे, एवढीच ती युक्ती. पण तिने माणूस कुणाच्या खांद्यावर हात न ठेवता बसथांब्यापर्यंत जाऊ लागला. वाचण्याचे शिक्षणही तसेच. संगणकावरील मजकूर बोलून दाखवणारे कार्यप्रणालीचे साधन, ज्याला स्क्रीन रीडर म्हणतात, ते पूर्वी फार महाग होते. २००६ मध्ये 'एनव्हीडीए' हे विनामूल्य साधन उपलब्ध झाले आणि पुढे मराठी मजकूरही त्यातून ऐकता येऊ लागला. काठी आणि वाचन ही दोन कौशल्ये ज्याच्याजवळ आहेत, त्याला व्यवसाय बदलता येतो.

येथे एक आक्षेप घेतला जातो: काठी, संगणक, लेखनिक, जादा वेळ एवढे सारे पुरवल्यावरच जर काम होत असेल, तर त्याला स्वावलंबन कसे म्हणावे? आक्षेप घेणारा हे विसरतो की तो स्वतः दिव्याखाली बसलेला आहे. कचेरीतले दिवे, भिंतीवरचे फलक, रंगीत शाईचे शेरे ही सारी डोळसांसाठी केलेली सोय आहे. तिचा खर्च कुणी 'साहाय्य' या सदराखाली टाकत नाही. न्यायालयात न्यायाधीशापुढे कागद ठेवणारा रीडर असतो, निकाल उतरवून घेणारा लघुलेखक असतो. त्यामुळे निकाल त्या दोघांचा होत नाही. अंध परीक्षार्थीला तासामागे किमान वीस मिनिटे जादा देण्याची तरतूद आहे. ती सवलत म्हणून ओळखली जाते. वास्तविक प्रश्न ऐकून घेणे, उत्तर सांगणे आणि लेखनिकाने ते नीट लिहिले की नाही हे पुन्हा ऐकणे यांत जो वेळ जातो, त्याची ती केवळ भरपाई आहे. स्वावलंबन म्हणजे कुणाचीही मदत न घेणे अशी व्याख्या केली, तर या देशात एकही स्वावलंबी मनुष्य सापडणार नाही.

मात्र या युक्तिवादाला एक धोका आहे आणि अंधांच्या हितचिंतकांनी तो नेहमीच ओळखलेला नाही. 'अंधही राबू शकतो, म्हणून त्याला मान द्या' असे म्हणताना मानाची किंमत श्रमात ठरवली जाते. मग जो राबू शकत नाही त्याचे काय? साठीनंतर दृष्टी गेलेली शेतमजूर स्त्री, अंध आणि बधिर असे दोन्ही असलेले मूल, मधुमेहाने डोळ्यांबरोबर पायही गमावलेला माणूस, यांच्या हाती कोणताही व्यवसाय देता येणार नाही. गांधीजींनी शरीरश्रमाला व्रतांत स्थान दिले. व्रत हे करणाऱ्याने स्वतःहून स्वीकारायचे असते. दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याचा तो परवाना नव्हे. व्यवसायशिक्षणाचा आग्रह धरावा तो काम करू पाहणाऱ्याची वाट कुणी अडवू नये म्हणून. त्याची फूटपट्टी करून जे काम करू शकत नाहीत त्यांना मोजायला निघाले, तर जुने भिकाऱ्याचे आसन फक्त दुसऱ्या कुणाला दिले जाते.

अलीकडे रूढ झालेल्या 'दिव्यांग' या शब्दाबद्दल अनेक अंध व्यक्तींनी नाराजी व्यक्त केली ती बहुधा याच जाणिवेतून. शब्द गौरवाचा आहे, हेतूही चांगला असेल. पण तो पुन्हा संताच्या आसनाकडे बोट दाखवतो. पगारपत्रकावर सही करणाऱ्याला दिव्य असण्याची गरज नसते.

कायद्याने बरेच अंतर कापले आहे. १९९५ च्या अधिनियमाने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी किमान तीन टक्के जागा राखल्या, त्यांतील एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी; २०१६ च्या अधिनियमाने एकूण प्रमाण चार टक्के केले आणि वाजवी सोयी नाकारणे हा भेदभाव ठरवला. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंध उमेदवारांना न्यायिक सेवेपासून दूर ठेवणारा मध्य प्रदेशातील नियम रद्द केला. धृतराष्ट्राला मिळाला नाही तो न्याय असा बऱ्याच उशिरा मिळाला.

पण बहुसंख्य अंध माणसे नोकरीत नाहीत. ती रेल्वेत कंगवे आणि किल्ल्यांच्या साखळ्या विकतात, स्टेशनाबाहेर वजनाचे यंत्र घेऊन बसतात. त्यांचा संबंध कायद्याशी कमी आणि चलनाशी अधिक येतो. जुन्या नोटा लांबी-रुंदीने वेगळ्या होत्या. मोठी नोट हाताला मोठी लागे. २०१६ नंतर आलेल्या मालिकेत दोनशेची नोट १४६ मिलिमीटर लांब आहे आणि पाचशेची १५०. रुंदी दोन्हींची सारखीच, ६६. गर्दीच्या डब्यात, घामेजल्या बोटांनी, गाडी हलत असताना चार मिलिमीटरचा फरक ओळखायचा असतो. नोट ओळखून सांगणारे 'मनी' हे मोबाइलवरचे साधन रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये काढले. त्यासाठी एका हातात फोन धरावा लागतो, दुसऱ्या हातात नोट, आणि माल तिसऱ्या हातात. म्हणून विक्रेता बहुतेक वेळा गिऱ्हाइकालाच विचारतो, "कितीची आहे?" आणि जे उत्तर येईल त्याप्रमाणे सुटे पैसे मोजून देतो.