देवाला जाब विचारावा का?



वाचक माउली, गळ्यात तुळशीची माळ आली म्हणून मनातल्या शंका गेल्या, असे कोणाचेच होत नाही. तुम्ही एकादशी धरता, हरिपाठ म्हणता, वारी चुकवत नाही. तरी कधीतरी प्रश्न पडतोच. देव दयाळू आहे, तर निष्पाप जीव का चिरडले जातात? देव न्यायी आहे, तर लबाडाची भरभराट आणि सरळ माणूस कर्जात, असे का? शास्त्र देवाचे, तर त्याच शास्त्राच्या नावाने माणसाला देवळाबाहेर का उभे केले? आणि प्रश्नामागून भीती येते. असे मनात आणणे हे पाप तर नव्हे? आपली भक्ती कच्ची तर नव्हे? आज या भीतीचाच विचार करू.

आपल्याच मुलखातले उदाहरण घेऊ. राजुरी जुन्नर तालुक्यात; शेजारच्या आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला माळीण. ३० जुलै २०१४, बुधवार. आषाढी होऊन तीन आठवडे झाले होते. मुसळधार पावसात डोंगर खचला आणि सकाळच्या वेळी गाव मातीखाली गेले. एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गावच दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळले. १५१ माणसे गेली. त्यात तान्ही लेकरे होती, म्हातारी माणसे होती. त्यांचा काय अपराध होता?

यावर एक उत्तर आपल्याकडे तयार असते: ‘प्रारब्ध! मागच्या जन्मीचे भोग.’ माउली, हे उत्तर देताना फार जपावे. कर्माचा विचार शास्त्राने सांगितला तो ज्याने त्याने आपल्या वागण्याला लावण्यासाठी. आज मी जे करतो त्याचे फळ मलाच भोगायचे आहे, एवढी जाग त्याने यावी. दुसऱ्याच्या घरात प्रेत पडले असताना तोच विचार त्याच्या तोंडावर फेकला, तर ते ज्ञान राहत नाही. तो निवाडा होतो, आणि तो देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. त्या आईचे मागचे जन्म आपण पाहिलेले नाहीत.

मग संतांनी काय केले? तुकोबांकडे पाहा. आपल्या ओतूरला मांडवीकाठी चैतन्य महाराजांची समाधी आहे. राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी अशी जी गुरुपरंपरा तुकोबा सांगतात, तिच्याशी जोडलेले हे ठिकाण. म्हणून तुकोबा या मुलखाला परके नाहीत. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, गुरे मेली. तेव्हा त्यांनी देवाची बाजू मांडत बसून स्वतःची समजूत घातली नाही. ते देवाशी भांडले. तू आहेस तरी का, आम्हाला तुझा अनुभव का येत नाही, असे त्यांनी स्पष्ट विचारले. ती भांडणे गाथेत जशीच्या तशी आहेत आणि आपण ती टाळ-मृदंगावर गातो. कोणी त्यांना निंदा म्हणत नाही. आणि त्याच काळात, परंपरा सांगते, आपल्या वाट्याची कर्जखते तुकोबांनी इंद्रायणीत सोडली. देवाचा न्याय दिसत नव्हता, पण आपल्या हातून दुसऱ्यावर अन्याय होऊ नये, एवढे त्यांच्या हाती होते. ते त्यांनी केले.

तुम्ही म्हणाल, गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयी माणसाचा नाश होतो असे सांगितले आहे, त्याचे काय? खरे आहे. पण त्याच अध्यायात, थोडेसेच आधी, ज्ञान हवे असेल तर नमस्कार कर, सेवा कर आणि पुन्हा पुन्हा प्रश्न विचार, असेही भगवंत सांगतात. गीता सुरू होते तीच अर्जुनाच्या प्रश्नातून. आणि अठराव्या अध्यायात सगळे सांगून झाल्यावर भगवंत म्हणतात, याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसे वाग. ज्याला प्रश्न नको होता, तो असे म्हणाला असता का? ज्या संशयाचा निषेध आहे तो वेगळा: जो काही ऐकूनच घेत नाही, काही करून पाहत नाही, नुसता टवाळी करतो. तळमळून विचारलेली शंका त्यात येत नाही. ती जिज्ञासा आहे.

आता शास्त्राची शंका. त्यासाठी राजुरीकरांना लांब जायला नको. शेजारीच आळे आहे, आणि तेथे रेड्याची समाधी आहे. ती कथा तुम्हाला पाठ असेल. संन्याशाची मुले म्हणून चार भावंडांना वाळीत टाकले. शास्त्राचा आधार दाखवून त्यांच्या आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले. पोरकी मुले शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली. तेथे माउलींनी रेड्याच्या मुखातून वेद बोलवला, आणि परतीच्या वाटेवर त्या रेड्याला आळ्यात समाधी दिली, अशी परंपरा आहे.

चमत्कारापाशी थांबू नका. ज्या ग्रंथाच्या नावाने आईवडील गेले, तो ग्रंथ माउलींनी फेकून दिला नाही. पण सभेने लावलेला अर्थही मान्य केला नाही. पुढे नेवाशात शके १२१२ मध्ये त्यांनी गीता मराठीत सांगितली. अठराव्या अध्यायात तर ते वेदाला संपन्न पण कृपण म्हणतात, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. ही उणीव काढण्यासाठीच वेद गीतेच्या रूपाने सर्वांसाठी आला, असा त्यांचा भाव आहे. वेदाचे उणे काढण्याचे हे धैर्य आपल्याच माउलींचे आहे. मग शास्त्रवचन वाचून तुमचे मन दुखावले, तर घाबरू नका. ज्या अर्थाने कोणी दाराबाहेर पडते, तो अर्थ तपासून पाहा.

चोखोबांनीही देवाला विचारले होते, आम्हाला हा जन्म देऊन लांब का ठेवलेस? १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. पण त्यांच्या जातभाईंना आत जायला मे १९४७ उजाडावा लागला, आणि त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. सहाशे वर्षे दार विठ्ठलाने लावले होते की आपण? देवाच्या खात्यावर आपण जो अन्याय मांडतो, त्यातला बराच आपल्या खात्यावरचा असतो. आधी तेवढा वेगळा काढावा.

तेवढा काढूनही काही उरतेच. माळीणची ती लेकरे उरतात. त्याचे उत्तर या लेखात नाही, आणि कोणाकडे ते सोपे मिळाले तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. पण उत्तर मिळेपर्यंत काय करावे, हे पंढरीत विटेवरच लिहिलेले आहे. देव दारात आला तेव्हा पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता. त्याने देवाला थांबायला सांगितले, आणि देव थांबला. रागावला नाही. सेवा आधी, दर्शन नंतर, हे देवानेच मान्य केले.

म्हणून माउली, शेजारी दुःख आले तर प्रारब्ध सांगायला जाऊ नका. भाकरी घेऊन जा, जवळ बसा. आणि तुमच्या स्वतःच्या मनात शंका असेल, तर ती मिटेपर्यंत वारी थांबवू नका. ती बरोबर घेऊन चला. दर्शनाच्या रांगेत डोके पायावर ठेवाल, तेव्हा गाऱ्हाणेही तेथेच ठेवा. तुकोबांचे त्याने ऐकून घेतले, तुमचेही घेईल.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!